फोनला कळलं, अंपायरला नाही: बेसबॉल प्लेऑफमधला एक चेंडू आणि पुढच्या वर्षीचं ‘एबीएस’

दसऱ्याची रात्र संपून ३ ऑक्टोबरची पहाट होत होती. घरात सगळे गाढ झोपलेले आणि मी ब्राइटनेस कमी करून फोनवर अमेरिकेतला बेसबॉल सामना फॉलो करत होतो. व्हिडिओ नव्हता. एमएलबीच्या ॲपमध्ये ‘गेमडे’ नावाचा भाग आहे, त्यात एक चौकट दिसते आणि प्रत्येक चेंडू त्या चौकटीच्या आत किंवा बाहेर ठिपका बनून उमटतो. डेटा कमी लागतो, आवाज नाही, रात्री बघायला बरं.

सामना होता शिकागो कब्ज विरुद्ध सॅन डिएगो पाद्रेस. तीन सामन्यांच्या मालिकेतला तिसरा आणि शेवटचा. नववा म्हणजे शेवटचा डाव सुरू होता. पाद्रेसच्या जॅक्सन मेरिलने पहिल्याच बॅटरच्या जागी येऊन होम रन मारला आणि ३-० चा स्कोअर ३-१ झाला. पुढचा बॅटर झँडर बोगार्ट्स. ब्रॅड केलरने चेंडू टाकला, माझ्या फोनवर ठिपका आला तो चौकटीच्या खाली. म्हणजे चेंडू बाहेर. मी मनात म्हटलं, ‘वॉक’ मिळाला. आणि खाली अक्षरं उमटली: बोगार्ट्स आऊट.

अंपायरने तो चेंडू आत धरला होता. शिकागोपासून हजारो मैल लांब, पांघरुणात बसलेल्या मला काही सेकंदांत कळलं की निर्णय चुकलाय. पण ज्याला कळायला हवं होतं, तो माणूस चेंडूपासून दोन-तीन हातांवर उभा असूनही त्याला ही माहिती मिळत नव्हती. मिळूच नये असा नियम होता.

हा लेख त्या एका चेंडूबद्दल आहे. तंत्रज्ञान तयार असतं, बसवलेलंही असतं, तरीही ते कुणी आणि कधी वापरायचं हे वेगळंच कुणीतरी ठरवतं, ते नेमकं कसं, हे या उदाहरणातून छान समजतं.

आधी थोडं बेसबॉल

क्रिकेट बघणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळेल. पिचर चेंडू टाकतो, बॅटर उभा असतो, बॅटरच्या मागे कॅचर बसलेला आणि कॅचरच्या मागे अंपायर. बॅटरसमोर हवेत एक काल्पनिक चौकट असते, तिला स्ट्राइक झोन म्हणतात. रुंदी जमिनीवरच्या होम प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच, सुमारे ४३ सेंटिमीटर. उंची साधारण गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत.

बॅटरने फटका मारायचा प्रयत्नच केला नाही, तर अंपायर सांगतो: चेंडू चौकटीतून गेला तर ‘स्ट्राइक’, बाहेरून गेला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट. चार बॉल झाले की त्याला फुकटात पहिला बेस मिळतो, त्यालाच वॉक म्हणतात.

बोगार्ट्सचा हिशेब तेव्हा तीन बॉल, दोन स्ट्राइक असा होता. म्हणजे पुढचा एक शब्द सगळं ठरवणार होता. ‘बॉल’ म्हटलं तर तो पहिल्या बेसवर, ‘स्ट्राइक’ म्हटलं तर थेट तंबूत. मधलं काही नाही.

त्यानंतर जे झालं ते पाद्रेसच्या चाहत्यांना जास्त लागलं असणार. पुढच्या दोन बॅटर्सना चेंडू अंगावर लागला. बेसबॉलमध्ये चेंडू अंगावर लागला की बेस मिळतो. म्हणजे एक आऊट आणि बेसवर दोन खेळाडू. बोगार्ट्स आधीच तिथे असता तर तिन्ही बेस भरलेले आणि एकही आऊट नाही, असं चित्र असतं. अर्थात, तो बेसवर असता तर पुढचे चेंडू तसेच पडले असते असं कुणी सांगू शकत नाही. पण दार उघडं राहिलं असतं एवढं नक्की. प्रत्यक्षात पुढचे दोन बॅटर आऊट झाले, सामना ३-१ ने कब्जनी जिंकला आणि पाद्रेस स्पर्धेबाहेर गेले.

एक चूक इतकी महाग का?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ साध्या हंगामात १६२ सामने खेळतो. हो, १६२. त्यातून १२ संघ प्लेऑफला जातात. प्रत्येक लीगमधले पहिले दोन संघ थेट पुढच्या फेरीत, आणि उरलेले आठ संघ ‘वाइल्ड कार्ड’ फेरी खेळतात. ही फेरी फक्त तीन सामन्यांची. दोन जिंका आणि पुढे जा, दोन हरा आणि घरी जा. २०२२ पासून हीच पद्धत आहे.

आता गंमत बघा. यंदा कब्जनी हंगामात ९२ सामने जिंकले होते, पाद्रेसनी ९०. सहा महिन्यांत दोन विजयांचा फरक. इतक्या लांब हंगामात अंपायरच्या चुका कधी तुमच्या बाजूने, कधी विरुद्ध, अशा बऱ्यापैकी सारख्या वाटल्या जातात. तीन दिवसांत त्या वाटल्या जायला वेळच मिळत नाही. शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या डावातली चूक तर परत फेडायला जागाच नसते.

बोगार्ट्स सामन्यानंतर स्पष्ट बोलला की तो चेंडू बॉल होता आणि त्याने सगळा खेळ बिघडवला. आणि पुढच्या वर्षी एबीएस येतंय याबद्दल त्याने देवाचे आभार मानले.

अंपायर वाईट होता का?

असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तुमच्या फोनच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. त्या वेगाने जाणारा चेंडू दोन फ्रेमच्या मध्ये जवळपास १.४ मीटर पुढे सरकलेला असतो. स्लो-मोशनमध्ये, २४० फ्रेमवर सुद्धा, दर फ्रेमला १७ सेंटिमीटर. आणि अंपायरकडे स्लो-मोशन नाही, रिवाइंड नाही. डोळे दोन आणि संधी एक.

त्यात समोर कॅचर बसलेला. चांगला कॅचर चेंडू पकडताना हात असा अलगद आत आणतो की बाहेरचा चेंडूही आतलाच वाटावा. याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात आणि ती कला समजली जाते. त्यासाठी कॅचरला पैसे मिळतात. म्हणजे अंपायरला फसवणं हे खेळाचंच एक कौशल्य आहे.

एका सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण ३०० चेंडू टाकले जातात. त्यातल्या जवळपास निम्म्यांवर अंपायरला निर्णय द्यावा लागतो. समजा शंभरातले ९४ निर्णय बरोबर आले, तरी १५० पैकी ९ चुकतात. त्यातले आठ कदाचित कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत. नववा मात्र बोगार्ट्सच्या वाट्याला येऊ शकतो.

मग मशिन कुठे होतं?

तिथेच होतं. प्रत्येक मैदानात ‘हॉक-आय’चे १२ कॅमेरे लावलेले असतात. हो, आपल्या क्रिकेटमधलं तेच हॉक-आय. ब्रिटनमध्ये तयार झालेलं, २००१ मध्ये क्रिकेटच्या टीव्ही प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसलेलं आणि २०११ पासून सोनीच्या मालकीचं. एमएलबी २०२० पासून ते वापरतंय.

काम करायची पद्धत कळायला सोपी आहे. एकाच कॅमेऱ्यात चेंडू दिसला तर तो कोणत्या दिशेला आहे ते कळतं, किती लांब आहे ते नीट कळत नाही. पण वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी टिपलेल्या चित्रांतून त्या दिशा जुळवल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चेंडू. असं क्षणाक्षणाला केलं की चेंडूचा पूर्ण मार्ग मिळतो. माझ्या फोनवर उमटलेला ठिपका याच यंत्रणेतून आला होता.

मग पाद्रेसनी रिव्ह्यू का घेतला नाही? कारण तसा रिव्ह्यू नव्हताच. एमएलबीत २०१४ पासून व्यापक स्वरूपाचा व्हिडिओ रिप्ले आहे. खेळाडू बेसवर वेळेत पोचला का, चेंडू जमिनीवर टप्पा पडून पकडला का, हे न्यूयॉर्कमधल्या रिप्ले सेंटरमध्ये तपासता येतं. पण ‘बॉल की स्ट्राइक’ हा प्रश्न त्यातून वगळला होता. त्यावर हुज्जत घातली तर अंपायर तुम्हाला मैदानाबाहेर काढू शकतो. खेळाडू आणि मॅनेजर यांना मैदानाबाहेर काढण्याच्या घटनांतल्या निम्म्याहून जास्त याच कारणाने होतात.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट: हे बदलायचा निर्णय आधीच झाला होता. एमएलबीच्या समितीने २०२६ च्या हंगामापासून एबीएस आणायला २३ सप्टेंबरला मंजुरी दिली. बोगार्ट्सचा तो चेंडू पडला शिकागोच्या तारखेने २ ऑक्टोबरला. मधे फक्त नऊ दिवस. पण हंगामाच्या मध्यात नियम बदलत नाहीत, म्हणून हा प्लेऑफ जुन्याच पद्धतीने.

एबीएस कसं चालणार?

एबीएस म्हणजे ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक सिस्टिम. नावावरून वाटतं की आता अंपायर घरी. तसं नाही. अंपायर नेहमीसारखाच निर्णय देणार. फरक इतकाच, की तो मान्य नसेल तर आव्हान देता येणार.

नियम असे:

• प्रत्येक संघाला सामन्यात २ चॅलेंज. चॅलेंज बरोबर ठरलं तर ते शिल्लकच राहतं. चुकलं तर एक कमी.

• चॅलेंज फक्त तिघंच देऊ शकतात: बॅटर, पिचर किंवा कॅचर. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटायचा, झालं.

• ते लगेच द्यायचं, आणि तंबूतून कुणाची मदत घ्यायची नाही.

• सामना जादा डावांत गेला आणि तुमच्याकडे चॅलेंज उरलं नसेल, तर त्या डावासाठी एक मिळतं.

चॅलेंज दिलं की चेंडूचा मार्ग मैदानातल्या मोठ्या स्क्रीनवर आणि टीव्हीवर दिसतो आणि निकाल लागतो. यंदा वसंत ऋतूतल्या सराव सामन्यांत चाचणी झाली, तेव्हा एका चॅलेंजला सरासरी १३.८ सेकंद लागले. आपल्याकडे थर्ड अंपायर अल्ट्राएज बघत बसतो तेवढ्यात चहा होतो, त्या मानाने हे फारच झटपट.

तंबूतून मदत नको, हा नियम उगीच नाही. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा बघून, कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅटरला इशारे दिले होते. त्याच वर्षी ते विजेतेही ठरले. २०२० मध्ये चौकशीनंतर ५० लाख डॉलरचा दंड झाला. तेव्हापासून स्क्रीन जवळ असलेला माणूस आणि मैदानातला खेळाडू यांच्यात अंतर ठेवण्याबद्दल सगळेच सावध आहेत.

चौकट कशी ठरते?

इथे एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. आयपीएल २०२४ मध्ये फुलटॉस कमरेच्या वर आहे का हे बघायला खेळाडूंच्या कमरेची उंची आधीच मोजून ठेवली होती. ईडन गार्डन्सवर विराट कोहली आऊट झाला तेव्हा किती आरडाओरडा झाला, आठवत असेल. त्याची कमर १.०४ मीटरवर नोंदलेली होती आणि चेंडू ०.९२ मीटरवरून गेला असता असं हॉक-आयने सांगितलं होतं.

एबीएस हेच करतं, पण प्रत्येक चेंडूसाठी. खेळाडूची उंची बूट काढून मोजली जाते. चौकटीची वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. म्हणजे १८८ सेंटिमीटर उंचीच्या बॅटरसाठी खालची कड जमिनीपासून साधारण ५१ सेंटिमीटरवर आणि वरची १०० सेंटिमीटरच्या जरा वर. १६८ सेंटिमीटरच्या बॅटरसाठी ४५ आणि ९०. तुम्ही कितीही वाकून उभे राहा, चौकट हलत नाही. चेंडू प्लेटच्या बरोबर मध्यावर असताना या आयताला नुसता घासून गेला तरी स्ट्राइक.

डीआरएसशी तुलना केली तर एक मोठा फरक आहे. एलबीडब्ल्यूमध्ये चेंडू पॅडवर अडतो आणि पुढे तो कुठे गेला असता याचा अंदाज करावा लागतो. अंदाज आला की शंका येते, म्हणून ‘अंपायर्स कॉल’ ठेवावा लागतो. बेसबॉलमध्ये चेंडू प्लेटवरून खरोखरच जातो. अंदाज नाही, मोजमाप आहे. त्यामुळे एबीएसमध्ये ‘अंपायर्स कॉल’सारखी पळवाट नाही. आत तर आत, बाहेर तर बाहेर.

सगळंच मशिनला का नाही दिलं?

हा प्रश्न मलाही पडला होता. अचूक यंत्र आहे, तर प्रत्येक चेंडू त्यालाच सांगू दे ना.

दक्षिण कोरियाने तेच केलं. तिथल्या केबीओ लीगने २०२४ पासून पूर्ण एबीएस सुरू केलं. अंपायरच्या कानात आवाज येतो आणि तो फक्त तो निर्णय मोठ्याने सांगतो. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये देगू शहरातल्या सामन्यात काय झालं बघा. यंत्राने स्ट्राइक सांगितलं, अंपायरने बॉल दिला. संघाने नंतर टॅब्लेटवर खरा निर्णय बघून तक्रार केली, तेव्हा पंचांची आपापसात चर्चा झाली आणि आपल्याला ‘बॉल’ असंच ऐकू आलं असं सांगायचं ठरलं. ती कुजबुज टीव्हीच्या माइकने पकडली. प्रकरण पेटलं, एका अंपायरची नोकरी गेली आणि इतर निलंबित झाले.

यंत्र बरोबर होतं. चूक झाली यंत्र आणि मैदान यांच्यातल्या माणसाच्या कानात, आणि नंतर त्याच्या हेतूत.

अमेरिकेनेही पूर्ण ऑटोमॅटिक पद्धत करून बघितली आहे. २०१९ मध्ये अटलांटिक लीगपासून सुरुवात झाली, मग खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये. २०२३ मध्ये ट्रिपल-ए या दुसऱ्या क्रमांकाच्या स्तरावर आठवड्याचे काही दिवस पूर्ण एबीएस आणि काही दिवस चॅलेंज असा प्रयोग झाला. जून २०२४ मध्ये पूर्ण एबीएस बंद करून फक्त चॅलेंज ठेवलं, कारण खेळाडूंना आणि प्रेक्षकांना तेच जास्त आवडलं. फ्रेमिंगची कला टिकते, अंपायरला काम उरतं, आणि शिवाय चॅलेंजमध्ये एक वेगळीच मजा आहे. यंदाच्या ऑल-स्टार सामन्यात ५ चॅलेंज झाली, त्यातली ४ बरोबर निघाली.

पण खेळाडूंचे डोळेसुद्धा काही फार वरचढ नाहीत. सराव सामन्यांच्या चाचणीत सगळी मिळून निम्म्याहून थोडीच जास्त चॅलेंज बरोबर ठरली. कॅचर ५६ टक्के वेळा बरोबर, बॅटर ५० टक्के आणि पिचर ४१ टक्के. ज्याने चेंडू टाकला, तोच सगळ्यात जास्त चुकला. आपला चेंडू आतच पडला असं प्रत्येक बॉलरला वाटतं, हे गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही पटेल.

त्या पहाटे एबीएस असतं तर?

बोगार्ट्सने हेल्मेटवर हात थोपटला असता, पंधराएक सेकंदांत स्क्रीनवर चेंडू चौकटीखाली दिसला असता आणि तो पहिल्या बेसवर गेला असता. पण एका अटीवर: नवव्या डावापर्यंत पाद्रेसकडे चॅलेंज शिल्लक असायला हवं होतं. तिसऱ्या डावात कुणी रागाच्या भरात दोन्ही उडवली असती, तर स्क्रीनवर चूक सगळ्या जगाला दिसली असती आणि काही करता आलं नसतं. डीआरएस वाया घालवून नंतर डोक्याला हात लावणारे कॅप्टन आपण कमी बघितलेत का?

म्हणून एबीएस आलं की अन्याय संपला, असं मी म्हणणार नाही. चुका कमी होतील, आणि उरलेल्या चुकांची जबाबदारी थोडी अंपायरकडून खेळाडूंकडे सरकेल. माझ्या मते हा बदल योग्य आहे. माझी एकच सूचना: प्लेऑफच्या छोट्या मालिकांमध्ये दोनाऐवजी तीन चॅलेंज द्यायला हरकत नाही. एका चॅलेंजला १४ सेकंद लागत असतील, तर सहा महिन्यांच्या मेहनतीपुढे तेवढा वेळ जास्त नाही.

एक सवय मात्र मी त्या पहाटेपासून लावून घेतलीय. कुठेही ‘आता निर्णय मशिन घेणार’ अशी बातमी वाचली की मशिन किती अचूक आहे हे मी दुसऱ्यांदा विचारतो. पहिल्यांदा विचारतो, त्याचं उत्तर कुणाला दिसणार, त्यावर आक्षेप कोण घेऊ शकणार, आणि किती वेळा? शिकागोत यंत्र अचूकच होतं. त्याचं उत्तर माझ्या फोनवर आलं, मैदानातल्या एकालाही त्याचा उपयोग झाला नाही.

पुढच्या हंगामात सामना फॉलो करायचा असेल तर गेमडे उघडा आणि तीन बॉल, दोन स्ट्राइक असताना ठिपका कुठे पडतो ते बघा. ठिपका चौकटीबाहेर आणि निर्णय स्ट्राइक, असं दिसलं की बॅटरचा हात हेल्मेटकडे जातोय का, तिकडे लक्ष ठेवा.